बाजूच्या सीटवरचा ब्रेक

ब्रेकबाईला राग आला की तो आधी तिच्या उजव्या पायाला कळतो, मग तिला. दूध उतू गेलं, नळ गेला, घरात कुणी उलट बोललं, की तिचा पाय जमिनीवर गच्च दाबला जातो. वर्षानुवर्षं तेच तर काम केलं त्या पायानं. गाडी शिकवायच्या शाळेत ती शिकवते. शिकणारा चाक धरून बसतो आणि ही त्याच्या शेजारी. तिच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो, शिकणाऱ्यानं घोळ घातला तर गाडी थांबवायला. ॲक्सिलरेटर मात्र तिच्या बाजूला नसतो. म्हणजे गाडी पळवायची दुसऱ्यानं आणि अडवायची हिनं. अशा नोकरीत स्वभाव कसा व्हायचा माणसाचा? लग्न झालं तेव्हा ती अशी नव्हती, असं तिचा नवरा म्हणतो, पण ती घरात नसताना म्हणतो.

ब्रेकबाई हे नाव शिकणाऱ्यांनीच ठेवलेलं. पाठीमागे ठेवलेलं नाव कधी ना कधी पुढ्यात येतंच, तसं आलं, आणि तिला ते आवडलं. गावातल्या बायका शाळेत येऊन विचारायच्या, "ब्रेकबाई आहेत ना? मग नाव घाला आमचं." माझ्या पायानं किती जणांचे जीव वाचले, असं ती चहा पिताना सहज बोलून जायची. कुणी खोटं म्हटलं नाही. टेलरबाईनं म्हटलं.

टेलरबाई म्हणजे बाजारामागच्या गल्लीत गणवेश शिवणारी. शिवून झालेले गठ्ठे शाळाशाळांत पोचवायला टेम्पोवाल्यांच्या मिनतवाऱ्या करून ती विटली होती. आपणच गाडी शिकायची, असं तिनं मनावर घेतलं. हात चांगला होता तिचा. घाबरायची नाही, बोलायचीही नाही फारशी. एका सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या रस्त्यावर त्या दोघी गेल्या. तिथं रस्त्याचं काम निघालेलं, डांबर अजून पडायचं होतं आणि सगळीकडे बारीक खडी पसरलेली. टाकीला वळसा घालताना गाडीचं ढुंगण एकदम बाहेर फेकलं गेलं, गाडी गर्रकन फिरली आणि मागचा दरवाजा कुंपणाच्या खांबावर जाऊन आदळला. लागलं कुणालाच नाही. दरवाजा मात्र चेपला.

शाळेच्या ऑफिसात मालक, ब्रेकबाई, टेलरबाई आणि पाळीची वाट बघत बसलेली चार माणसं. ब्रेकबाई म्हणाली, "वळणावर वेग सांभाळता आला नाही हिला. मी ब्रेक दाबला म्हणून निभावलं."

टेलरबाई म्हणाली, "गाडी वळत होती. नीट वळत होती. तुम्ही ब्रेक दाबलात आणि मग फिरली."

मालक हसले. "अहो, ब्रेकबाईंनी ब्रेक दाबला म्हणून तर इथं उभ्या आहात. गाडी हे प्रत्येकाचं काम नसतं. तुम्ही आपल्या मशीनवर बऱ्या."

वाट बघणारी माणसंही हसली. टेलरबाईनं पिशवी उचलली. दाराशी थांबून तिनं ब्रेकबाईकडे पाहिलं. "कापड शिवताना कुणी पलीकडून ओढलं तर हाताला कळतं बाई. मला कळलं." एवढं बोलून ती गेली, आणि पुन्हा शाळेकडे फिरकली नाही.

आता बघायला गेलं तर ब्रेकबाई जिंकली होती. मालक तिच्या बाजूनं, माणसं तिच्या बाजूनं. पण जिंकलेलं माणूस एवढं फणफणत घरी आलेलं कुणी पाहिलं नसेल. चपला एकीकडे, पिशवी दुसरीकडे. "मला सांगते. मला. काल चाक धरायला शिकलेली बाई मला ब्रेक शिकवते." भांडी घासताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नवरा चहाची पूड आणायला म्हणून बाहेर पडला. घरात पूड भरपूर होती.

घरात तिची धाकटी नणंदही राहते. चष्म्याच्या दुकानात काचा घासते, लग्न केलं नाही, आणि तोंड असं की लिंबू पिळावं. सुट्टीच्या दिवशी ती गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळते. साधा रस्ता नाही तो, रॅलीचा. खडी, चिखल, जंगलातली वळणं. जेवणाच्या टेबलाला तिनं खेळातलं स्टिअरिंग आवळून बसवलेलं आणि खाली भिंतीला टेकवून पायानं दाबायचे पेडल. जेवायच्या वेळी ताट चाकाच्या अलीकडे ठेवायचं, अशी रीतच पडली होती. ब्रेकबाई त्या खेळाला भोवऱ्याच्या पंक्तीत बसवायची.

त्या दुपारी नणंद चाकावर होती आणि ब्रेकबाई मागं उभी राहून टेलरबाईचा उद्धार करत होती. खेळ न थांबवता नणंद म्हणाली, "वहिनी, खरंच तुझा पाय नव्हता ना?"

"काय म्हणालात, वन्सं?" एरवी ती 'अगं' म्हणते. वन्सं आणि अहो-जाहो आलं की समजायचं, पारा चढला.

"खडीवर वळणात ब्रेक दाबला की गाडी फिरते. मी किती वेळा फिरवली असेल देव जाणे."

"टीव्हीतली गाडी. टीव्हीतल्या गाडीला काय कळतंय."

"मग बस ना. तुला तर खरी येते. दाखव मला, कशी फिरत नाही ते."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तेव्हा ब्रेकबाईकडे बघून कळलं असतं. तिनं नणंदेला हातानंच उठवलं आणि खुर्चीत बसली. "यातली सगळ्यात चांगली गाडी कुठली?"

"सगळ्यात ताकदीची घेऊ नको वहिनी. नव्या माणसानं..."

"नवं माणूस कुणाला म्हणतेस?"

नणंदेनं निमूटपणे ताकदीची गाडी लावून दिली. गाडी सुटली ती गोफणीतून सुटावी तशी. पहिलं वळण आलं, ब्रेकबाईनं ब्रेकवर पाय हाणला, आणि खेळातली गाडी थांबायच्या आधी तीच मागं गेली. खुर्ची चाकांची होती. ब्रेकबाई खुर्चीसकट भिंतीपर्यंत घरंगळत गेली आणि पडद्यावर गाडी झाडात शिरली.

"खुर्ची वाईट आहे," ब्रेकबाई म्हणाली.

"हो, आणि अंगणही वाकडं असेल."

नणंदेनं दादाच्या जुन्या बुटांचे जोड आणले आणि खुर्चीची चाकं त्यांत एकेक करून बसवली. आता खुर्ची हलेना. नवरा परत आला तर त्याचे बूट खुर्चीनं घातलेले. त्यानं चहा ओतून घेतला आणि चूक केली ती अशी की कप घेऊन बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला. पुढच्या वळणाला गाडी घसरली, आणि ब्रेकबाईचा हात सवयीनं शेजारी गेला, शिकणाऱ्याचं चाक ओढायला. शेजारी चाक नव्हतं. कप होता.

चहा पुसता पुसता ती त्याच्यावरच ओरडली. "मध्ये कशाला उभे राहता?"

त्या दुपारी तिला एकही रस्ता शेवटपर्यंत नेता आला नाही. पाय जिथं तिथं ब्रेकवर. ॲक्सिलरेटर म्हणून काही वस्तू असते, हे त्या पायाच्या गावीच नव्हतं. खरी गाडी तिनं स्वतः किती वर्षांत चालवली होती? शाळेत जायला बस, यायला बस, आणि शाळेत शेजारची सीट. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला उंटावर बसता येतं, म्हणून काही शेळ्या राखता येत नाहीत.

आणि सगळ्यात जास्त डोकं फिरवलं ते त्या आवाजानं. खेळात शेजारी एक माणूस बसलेला असतो. दिसत नाही, नुसता बोलतो. पुढचं वळण डावं की उजवं, आणि किती कडक, ते आकड्यानं सांगतो. आकडा जितका लहान तितकं वळण आवळतं.

"हा कोण शहाणा?" ब्रेकबाई म्हणाली. "मी गाडी चालवतेय ना? शेजारी बसून याची आपली अखंड बडबड."

नणंदेनं तिच्याकडे बघितलं आणि ओठ दाबले. ब्रेकबाईला ते दिसलं. "हसायला काय झालं?"

"काही नाही. शेजारी बसून बडबड करणारं माणूस डोक्यात जातं खरं."

"बंद कर त्याला."

"बंद केला तर वळण कळायचं कसं? आणि वहिनी, तो तुझ्यासारखा नाही. त्याच्याकडे ब्रेक नाहीये. जे काय सांगायचं ते त्याला वळणाच्या आधीच सांगावं लागतं."

ब्रेकबाई उठली, चाकावर फडकं टाकलं आणि त्या दिवशी ताटं सरळ फडक्यावर मांडली.

पण पुढच्या सुट्टीला ती पुन्हा बसली. शिकायला नाही, त्या टेलरबाईला खोटं पाडायला. राग हेही एक इंधनच आहे, बाजारात मिळत नाही इतकंच. या वेळी नणंदेनं ऐकलं नाही. सगळ्यात गरीब गाडी लावली, पुढची चाकं ओढणारी, जिच्यात फारसा दम नव्हता. "घड्याळ बघायचं नाही. झाडाला न लागता शेवटपर्यंत पोच, बस. आणि ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ आहे तोवर. वळायला लागलीस की पाय काढ."

"पाय काढला आणि गाडी गेली म्हणजे?"

"आधी हळू केलेली असेल तर जाणार नाही."

"तू सांगतेस."

"तो आवाजही तेच सांगतोय. तू ऐकत नाहीस."

तिनं दात-ओठ खात ऐकलं. एका वळणाला पाय काढला, गाडी वळली. पुढच्याला विसरली, गाडी फिरली. मागचं ढुंगण बाहेर गेलं तसं तिनं चाक उलटं फिरवलं, तेवढं बरोबर होतं, पण फिरवलेलं सोडेना. मग गाडी सरळ झाली ती थांबलीच नाही, दुसऱ्या बाजूला फटकन गेली आणि ओढ्यात उतरली. "आता काय केलं मी?" ती ओरडली.

"बरोबर केलंस आणि धरून बसलीस. वळवायचं आणि लगेच परत आणायचं. भांडण मिटल्यावरही तू बोलत राहतेस ना, तसं झालं हे."

"वन्सं, तोंड सांभाळा."

"आणि झाडाकडे बघू नको. डोळे जिथं, गाडी तिथं. मी दिवसभर डोळ्यांचंच काम करते, एवढं तरी ऐक माझं. वळण जिथं संपतं तिथं बघ."

हे कुणाला सांगत होती ती? हेच वाक्य ब्रेकबाई शाळेत प्रत्येकाला ऐकवते. ऐकवताना स्वतः मात्र ती बघत असते शिकणाऱ्याच्या पायाकडे.

संध्याकाळपर्यंत ती त्या गरीब गाडीनं एक खडीचा रस्ता पार करून गेली. गाडीचा दिवा फुटला होता, दार लोंबत होतं, पण शेवटची रेघ ओलांडली. नवऱ्यानं आतल्या खोलीतूनच टाळ्या वाजवल्या. जवळ येण्याचं धाडस केलं नाही.

"आता बघ," ब्रेकबाई म्हणाली. "तसलंच एक वळण काढ. टाकीजवळच्यासारखं. त्या बाईचं खोटं तुला दाखवते."

नणंदेनं शोधून तसं वळण लावलं, कडेला खांबही असलेलं. आधी ब्रेकबाई टेलरबाई झाली. तिच्याइतक्याच वेगानं गेली, थोडा जास्तच म्हणा, आणि पाय ब्रेकवर नेला नाही. गाडी किंचित बाहेर सरकली, खडी उडाली, गाडी वळली आणि पुढं गेली. तिनं पुन्हा केलं. पुन्हा गेली.

"आता मी," ती म्हणाली, आणि अर्ध्या वळणात ब्रेकवर पाय हाणला.

ढुंगण बाहेर. गर्रकन फेरी. मागचा दरवाजा खांबावर. त्याच बाजूचा.

खेळात झालेलं पुन्हा बाहेरून बघता येतं. नणंदेनं ते लावलं. गाडी वळणात आहे, छान चालली आहे, आणि मग एकाएकी तिचं नाक खाली जातं आणि मागचं अंग हलकं होऊन निसटतं. "बाकड्याच्या दोन टोकांना दोघं बसलेत," नणंद हळूच म्हणाली, "एक जण अचानक उठला की दुसरा पडतो. ब्रेकनं सगळं वजन पुढं जातं. मागच्या चाकांनी धरायचं कशानं?"

ब्रेकबाईनं ते तीनदा बघितलं. मग म्हणाली, "खेळणं आहे हे. खऱ्या गाडीत सीटखाली कळतं. इथं बुडाला काही कळत नाही."

"ते खरं आहे. पण त्या दिवशी सीट खरी होती ना? तेव्हा काय कळलं बुडाला?"

टेलरबाई खरी ठरली, याचा तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. नणंदेचा राग आला, खेळाचा आला, खडी टाकून पळालेल्या त्या ठेकेदाराचाही आला. सगळ्यांवर रागावून झालं तेव्हा उरला आपलाच पाय. तो टेबलाखाली अजून ब्रेकवरच होता.

सकाळी ऑफिसात जाऊन तिनं सांगितलं, "तो पाय माझा होता. टेलरबाई बरोबर होती."

मालकांनी बाहेर बसलेल्या माणसांकडे पाहिलं. "हळू बोला. झालं गेलं. कशाला उकरता?"

"चारचौघांत बोलले होते, चारचौघांतच सांगते." ती मुद्दाम वळली आणि बाकड्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दरवाजा मी चेपला."

"ब्रेकबाई, तुमच्या नावावर लोक येतात इथं."

"आणि त्या बाईच्या नावाचं काय? मशीनवर बरी म्हणालात तिला. आता मी तिला परत घेणार. त्याच रस्त्यावर."

मालकांचा चेहरा आंबला. "घ्या. पण आता गाडीला ओरखडा जरी आला ना, तर उद्यापासून तुम्ही या टेबलामागं बसून फोन घ्यायचे. शेजारची सीट विसरायची."

"चालेल," ती म्हणाली. चालणार नव्हतं. फोनवर बोलायला बसवलं असतं तर ती आठ दिवसांत कुणाला तरी चावली असती. पण शब्द तोंडातून गेला होता आणि तोंडाला ब्रेक तिनं कधी लावलाच नव्हता.

टेलरबाईचं दुकान म्हणजे एक खोली. निळ्या कापडाचे गठ्ठे छतापर्यंत आणि मध्ये मशीन. ब्रेकबाई दारात उभी राहिली. टेलरबाईनं मान वर केली नाही.

"चला," ब्रेकबाई म्हणाली.

"काम पडलंय."

"पाय माझा होता."

मशीन थांबलं. "ते मला तेव्हाच माहीत होतं. मला येऊन काय सांगता? तिथं सांगायचं, लोक हसले तिथं."

"तिथूनच येतेय."

टेलरबाईनं दाताखाली धरलेला दोरा तोडला. चेहरा काही निवळला नाही तिचा, आणि का निवळावा? "आणि पुन्हा पाय गेला तुमचा म्हणजे? हसायला मीच सापडते का सगळ्यांना?"

खरा प्रश्न होता. जन्माची सवय, आज कळलं म्हणून आज थोडीच जाते? ब्रेकबाई नुसतीच "चला तर खरं" म्हणाली आणि गाडीकडे निघाली. टेलरबाई मागून आली, पण किल्ली हातात घेतली तरी दार उघडेना. आधी ब्रेकबाई काय करते ते बघत होती.

ब्रेकबाईनं शेजारच्या सीटवर बसून चपला काढल्या, मागं टाकल्या, आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घातली. जागा अपुरी, गुडघा दाराला लागला. पट्टा ओढला. डावा हात आडवा नेऊन हँडब्रेकजवळ ठेवला आणि उजवा, तो चाक ओढणारा, मांडीखाली दाबून टाकला.

"हे काय?" टेलरबाई म्हणाली.

"हसायचं तर आता हसून घ्या. गाडीत हसायचं नाही."

टेलरबाई हसली नाही. चाकावर बसली.

टाकीमागचा रस्ता तसाच होता, खडी तशीच. ठेकेदाराला कसली लाज. ब्रेकबाई समोर बघत बोलू लागली, पावलापावलाच्या आधी. "पुढं उजवं आहे. पुढं पुढं आवळत जातं. आत्ता हळू करा, इथं, सरळ आहे तोवर. आणखी. आता पाय काढा. वळणाच्या टोकाकडे बघा." आणि मग ती गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदा वळणाच्या मधोमध ती गप्प होती.

गाडी वळू लागली. खडी खालून ताडताड वाजली, आणि मागचं अंग हळूच बाहेर सरकलं. या वेळी ब्रेकबाईला सीटखाली कळलं, अगदी स्पष्ट. मांडीत दाबलेला उजवा पाय असा काही उसळला की पोटरीत गोळा आला. तिनं दात आवळले. शेजारी टेलरबाईचे हात जरासे उलटे गेले, जराच, आणि लगेच परत आले, जसं तिरकं जाणारं कापड बोटानं सरळ करावं. गाडीनं अंग सावरलं. खांब खिडकीबाहेरून मागं गेला, त्यावर गाडीच्या रंगाचा जुना ओरखडा होता तो सुद्धा दिसला.

टाकी मागं पडल्यावर टेलरबाईनं गाडी कडेला घेतली आणि थांबवली. तिचा श्वास मोठा झाला होता. ती काहीतरी म्हणणार, तेवढ्यात ब्रेकबाई पोटरी चोळत खेकसली,

"थांबायला कोण म्हणालं? पुढं अजून तीन वळणं आहेत, आणि माझा पाय चाललाय बधिर व्हायला. चला."